बेरोयच्या कुंपणावरच्या उवा

माझ्या बापाचा बैल माझ्या सासऱ्याच्या गोठ्यात बांधलेला होता. भांडण एवढंच. पुढे जे झालं त्याचं खापर लोक गोऱ्या साहेबावर फोडतात, आणि फोडावंच. पण त्या खापराचा एक तुकडा माझ्या माहेरच्या दारातही पडलाय. तो उचलायला कोणी पुढे येत नाही, म्हणून मी सांगते आहे.

बैलाचं नाव मझावा. अंग लाल, कपाळावर पांढरा डाग, आणि वशिंड एवढं की चालताना एका बाजूला कलायचं. तो वासरू असतानाच माझ्या बापानं, मानिंद्रीनं, त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, हा माझ्या उशाशी पडेल. आमच्यात माणूस मेला की त्याची गुरं त्याच्याबरोबर जातात आणि त्यांची शिंगं थडग्यावर मांडतात. बाकीची गुरं किती का असेनात, एक बैल नेमलेला असतो. तो नसेल तर मेलेला माणूस वाडवडिलांच्या दारात नुसता उभा राहतो, त्याला आत कोणी घेत नाही. बापासाठी तो बैल मझावा होता.

आता तो माझ्या सासरी का, तर माझ्या माहेरचं, आंकिलीचं, कुंपण पातळ होतं. चोर यायचे, आणि चोरांहून वाईट म्हणजे माणशी पट्टी वसूल करणारे यायचे. बेरोयचं, म्हणजे सासरचं, कुंपण राकेटाचं होतं, आणि कसलं! राकेटा म्हणजे फड्या निवडुंगच, पण आमच्या मुलखात कोणी त्याला नुसतं निवडुंग म्हणत नाही. माणसाच्या दुप्पट उंच, भिंतीसारखा दाट, आणि आत शिरायची वाट एकच, तीही वाकडीतिकडी. नवखा शिरला तर लंगोटी काट्यांना देऊन परत यायचा. उन्हाळ्यात त्याची बोंडं वाळूत लोळवून काटे काढायचे आणि पोटभर खायची. फडे जाळावर भाजून काटे घालवायचे आणि गुरांना घालायचे. पाणी नसेल तेव्हा गुरांचं पाणीही तेच आणि आमचंही तेच.

माझं लग्न झालं तेव्हा बापानं मझावाला इथं आणून बांधलं. सोयरिकीत असा बैल ठेवायची रीत आहे. ज्यानं बांधला त्यानंच येऊन सोडायचा. बांधणारा मेला तर राखणाऱ्यानं स्वतः दोर धरून त्याच्या दाराशी आणायचा. त्यात ठेवणाऱ्याचा विश्वास असतो आणि राखणाऱ्याचा मान. माझे सासरे फोताके तर मझावाला स्वतःच्या गुरांच्या आधी चारा घालायचे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "मला एवढं कधी विचारलं नाही."

पुढे बापाचे पाय सुजले आणि त्याचं चालणं बंद झालं. तिथून माझ्या मोठ्या भावाच्या, सोलोच्या, डोक्यात किडा शिरला. सोलोला लहानपणापासून वाटायचं की सगळे त्याला हसतात. कधीकधी हसायचेही. बाजारात कोणीतरी त्याला चिडवलं, तुझ्या बापाचा बैल बेरोयवाल्यांनी गिळला, कानावरची खूणसुद्धा नव्यानं कापली. कानाची खूण म्हणजे घराण्याची खूण. ती बदलली म्हणजे बैल गेला. सोलो तसाच तडक बेरोयला आला.

मामंजी अंगणात फडे भाजत बसले होते.

"काका, बैल न्यायला आलोय."

"बस. दही खा."

"दही खायला नाही आलो."

"मग उभ्यानं खा."

सोलो बसला नाही आणि त्यानं खाल्लंही नाही. मामंजींनी फडा उलटा केला. "बैल तुझ्या बापानं बांधलाय. सोडायला त्याला पाठव."

"त्याला चालवत नाही, ठाऊक आहे तुम्हाला."

"मग उचलून आण. एवढे खांदे दिलेत देवानं, ते काय नुसता भाला टेकवायला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ पोरा. तो येऊ शकत नसेल तर नको येऊ दे. ज्या दिवशी तो जाईल त्या दिवशी मी स्वतः मझावाला तुमच्या दारात आणीन. तोवर त्याला माझा राकेटा खाऊ दे."

माझा नवरा तोवो तेवढ्यात म्हणाला, "आमच्याकडे राहून बैल जाडजूड झालाय, मेव्हणे. तुम्हीपण राहा." आणि हसला. त्यानं हसायला नको होतं.

मी सोलोला वाटेपर्यंत पोचवायला गेले. "दादा, कान बघायचाय ना? बैल तिथं पंधरा पावलांवर आहे. जा आणि बघ."

"सिझा, तू आता त्यांची झालीस. तू तेच सांगणार."

"मी सांगतच नाहीये. तू बघ म्हणतेय."

"घरचा बैल मी चोरासारखा वाकून बघू?" असं म्हणून तो निघून गेला. तेवढं त्यानं पाहिलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

त्या सुमारास सोलोला नदीकाठच्या ठाण्यावर रस्त्याच्या कामाला जावं लागलं. वेठबिगार होती ती. तिथं एक गोरा साहेब होता. वाईट माणूस नव्हता म्हणतात, पोरांना गोळ्या वाटायचा. त्याच्या पडवीत लाकडी खोकी होती, आणि खोक्यांत ओल्या गोणपाटाखाली राकेटाचे फडे. फड्यांवर कापूस लागल्यासारखं पांढरं काहीतरी. साहेबानं दुभाष्याकडून सगळ्यांना समजावलं. हा राकेटा तुमचा नाही, समुद्रापलीकडून आलेलं तण आहे. त्यानं चांगली जमीन खाल्ली, रस्ते अडवले, आणि तुम्ही त्याच्यामागे लपून आळशी झालात. इथं त्याला शत्रू नाही म्हणून तो माजलाय. आता त्याचा शत्रू त्याच्याच देशातून आणलाय, ही पांढरी ऊ. ही दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. ज्वारीला नाही, रताळ्याला नाही, गुरामाणसाला नाही.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या उवेनं शेवटपर्यंत राकेटाशिवाय काही खाल्लं नाही. राकेटावर जे जगत होतं ते सगळं मग आपोआप मेलं, त्याला उवेनं हातही लावला नाही. आणि समुद्रापलीकडून तर तो साहेबही आला होता. आमच्या पणजोबाच्या बापानं लावलेलं झाड परकं, आणि काल टोपी घालून उतरलेला माणूस घरचा, हा हिशोब मला आजपर्यंत कळलेला नाही.

सोलोनं मात्र त्यातलं एकच ऐकलं. ठाण्यामागचं राकेटाचं रान त्यानं डोळ्यांनी पाहिलं. फडे लोंबून जमिनीला टेकलेले, पलीकडची टेकडी आरपार दिसणारी. म्हणजे कुंपण पडतं.

काम संपल्यावर तो आमच्याकडे आला तो अगदी गोड होऊन. खांद्यावर त्याची लहानगी पोर वोला, हातात टोपली. टोपलीत वर रताळी, खाली फडे.

"बानं मझावासाठी घरचे फडे पाठवलेत."

सासूबाईंना हसू आवरेना. "अरे, समुद्रात मीठ घेऊन आलास की काय? इथं राकेटा कमी आहे?"

"म्हाताऱ्याची हौस," सोलो म्हणाला.

वोला माझ्या दोन पोरांबरोबर धुळीत खेळत बसली. सोलो टोपली घेऊन गोठ्यामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. पोट बिघडलंय, असं जाताना सांगून गेला होता. तोवो म्हणाला, "रताळी वाटेतच संपवत आले वाटतं मेव्हणे." परत आला तेव्हा टोपली रिकामी होती. आम्ही त्याला दही दिलं. त्या दिवशी त्यानं बसून खाल्लं.

पाऊस उलटल्यावर गोठ्यामागच्या फड्यांच्या बेचक्यांत पांढरं दिसायला लागलं. आधी कोणाला काही वाटलं नाही. पोरांना कळलं की ते चिरडलं की रक्तासारखा लाल रंग निघतो, मग ती दिवसभर तोंडं रंगवून नाचायची. सासूबाई ओरडायच्या, मीही ओरडले, पण खेळ म्हणूनच. मग फडे पिवळे पडले. मग मऊ झाले. मग एक एक करून गळायला लागले, आणि सडक्या भोपळ्याचा वास गावभर पसरला. मामंजींनी कुंपणाचा तो तुकडा जाळला. पुढचाही जाळला. भगताला बोलावून बकरी कापली. भगतानं कौल लावायला बिया मांडल्या, पाहिल्या आणि म्हणाला की हा आजार त्याच्या बियांना ओळखीचा नाही. निदान तो खरं बोलला. वारा सुटला की ते पांढरं उडताना दिसायचं. जिथं जाळलं त्याच्या पलीकडे दुसऱ्या दिवशी हजर.

जिथं बायका भांडून रुसून जाऊन बसायच्या, चोर ज्यात अडकून रडायचे, तो राकेटा चिखल होऊन जमिनीवर पसरला. गोठ्यातून थेट आंकिलीची वाट दिसायला लागली. त्या वाटेनं एका सकाळी सोलो आला, भरदिवसा, हातात भाला. त्या घाणीत पाय बुडवत तो सरळ गोठ्यात शिरला.

मामंजी ओंडक्यावर बसले होते. उठले नाहीत. "ये पोरा. आज वाट सापडली तुला."

"सापडली नाही, केली." सोलोला ते पोटात ठेवणं जमलंच नाही. एवढी मोठी अक्कल लढवली आणि कोणाला कळू नये, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. "गोऱ्याच्या उवा आहेत या. त्या दिवशी टोपलीतून मीच आणल्या. तुम्ही म्हणालात ना, बा येईल तेव्हा? आता कोणीही येईल."

तोवो भाला उचलायला गेला, तेव्हा मामंजींनी त्याचं मनगट धरलं. "थांब. सोयरा आहे आपला." मग सोलोला म्हणाले, "ने बैल. ज्या गोठ्याला कुंपण नाही त्यात मी दुसऱ्याची ठेव ठेवत नाही."

मी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होते. "दादा, मीपण याच कुंपणात राहते. हे तुला एकदाही सुचलं नाही?"

"तू चल माझ्याबरोबर."

"आणि माझी पोरं?"

"ती त्यांची आहेत," तो म्हणाला. आमच्यात पोरं बापाच्या घराण्याची असतात, चुकीचं काहीच बोलला नाही तो. मला त्या वेळी त्याला मारावंसं वाटलं. मझावा त्याच्यामागून निघाला. त्याला काय, ओळखीचा वास आला असेल.

आंकिलीत काय झालं ते मला वहिनीनं सांगितलं. बाप दाराशी बसलेला होता. त्याची नजर तेव्हा अधू झाली होती. त्यानं मझावाचं डोकं जवळ ओढलं आणि दोन्ही कान बोटांनी चाचपले, एकदा, पुन्हा एकदा.

"खूण आपलीच आहे," तो म्हणाला.

"हो," सोलो म्हणाला.

"मग कुंपण कशाला पाडलंस?"

"बैल घरी आला ना, बा. आता आपला आहे."

"आपलाच होता," बाप म्हणाला. त्यानंतर तो सोलोशी फारसं बोलला नाही.

बेरोयचं कुंपण संपवून उवा तिथंच थांबतील, असं माझ्या भावाला का वाटलं होतं, कोण जाणे. कदाचित त्याला वाटलं असेल की भांडण त्याचं आहे हे उवांनाही माहीत असेल. पुढच्या वाऱ्यांत त्या आंकिलीला पोचल्या. सोलोच्या टोपलीशिवायही त्या येणारच होत्या, हे मला कळतं. साहेबानं ठाण्यावरच्या कैद्यांकडून त्या दहा ठिकाणी टाकवल्या होत्या, नदीच्या अलीकडे आणि पलीकडे. पण माझ्या सासरी त्या वर्षभर आधी आल्या आणि माझ्या भावाच्या हातानं आल्या. बाकीचं मी साहेबाच्या नावावर घालते, पण एवढं मी सोलोला माफ करणार नाही.

मग कोरडे दिवस आले आणि चाऱ्याच्या जागी काही नव्हतं. पूर्वीही पाऊस हुकायचा, तेव्हा आम्ही शिव्या देत राकेटावर दिवस काढायचो. आता गुरं सडलेल्या बुंध्यांभोवती उभी राहायची आणि तिथंच बसायची. बसलेलं जनावर उठायचं नाही. बेरोयचा वास बदलला. मामंजींचा कळप एवढा होता की धूळ उडाली की पाहुणा लांबूनच ओळखायचा कोणाचा ते. तो पाहता पाहता संपला. आम्ही चिंचेत राख कालवून खायला लागलो. राखेनं आंबटपणा मरतो, भूक मरत नाही. मजूर गोळा करणाऱ्या गाड्या तेव्हाच यायला लागल्या. उत्तरेच्या मळ्यांत माणसं हवी होती. आधी जी माणसं कुंपणामागून बाहेर निघत नव्हती ती आता गाडीमागे धावायची. ठाण्यावरचा साहेब तोवर बदलून दुसरीकडे गेला होता.

आंकिलीत सगळी गुरं मेली, एक मझावा सोडून. सोलोनं त्याला जगवला. दिवसभर वाळूत खणून मुळ्या आणायचा, नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे करून पाणी काढायचा, आणि आधी बैलाला पाजायचा. रताळ्याचे उरलेले वेल त्यानं बैलाला घातले. वहिनी एकदा मला म्हणाली, "तुझ्या भावाला सांग की मलापण शिंगं फुटलीत, म्हणजे मला काहीतरी मिळेल." हसतच म्हणाली. त्याच उन्हाळ्यात ती गेली. तिच्यासाठी मारायला काही नव्हतं. पुरायला गेलेल्यांना खणायचीही ताकद नव्हती. मागे वोला उरली, कोपरं आणि गुडघे तेवढे मोठे.

मी बापाला बघायला गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी थोडी ज्वारीची पेज नेली होती, ती कशी मिळवली ते विचारू नका.

"बा, दोन घोट घे."

"मझावानं काय खाल्लं आज?"

"दादा मुळ्या आणायला गेलाय."

"मग ही पेज वोलाला दे. मला नको."

"किती दिवस नकोच म्हणतोयस?"

त्यानं वाटी हातानं बाजूला सारली. मग मला समजलं तो काय करतोय. बैलाच्या बरगड्या मी येतानाच पाहिल्या होत्या. तो फार दिवस टिकणार नव्हता.

"तू त्याच्या आधी जायचं ठरवलंयस."

"त्याच्या मागून गेलो तर उपयोग काय?" बाप म्हणाला. "तुझ्या भावानं त्या बैलासाठी एवढं सगळं केलं. आता तो वाया नको जायला." हे तो रागानं म्हणाला की कशानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पेज वोलाला पाजली. तिनं वाटी चाटून पुसून मला परत दिली आणि माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे अजून असेल तर.

बाप मझावाच्या आधी गेला. त्यानं पैज जिंकली म्हणायला हरकत नाही.

मयताला बेरोयचे लोक आले. सोयऱ्यांनी गुरं हाकत, गाजावाजा करत यायचं असतं. मामंजी काठी टेकत आले, मागे तोवो, माझी दोन पोरं आणि आणखी चार हाडं. रिकाम्या हातांनी आले म्हणून मामंजी वेशीवर उभेच राहिले, तेव्हा सोलोनं जाऊन त्यांना आत घेतलं. मझावाला प्रेताच्या दाराशी आणला. भाला लागायच्या आधीच त्याचे पुढचे पाय वाकले. शिंगं मात्र चांगली होती, थडग्यावर शोभली.

आता आमची एक रीत आहे. मेलेल्याच्या बैलाचं मांस मेलेल्याच्या घराण्यानं खायचं नाही. मुलानं नाही, मुलीनं नाही, मुलाच्या लेकरांनी नाही. ते खाणं म्हणजे त्या माणसालाच खाणं. ते पाहुण्यांचं, सोयऱ्यांचं. भरल्या घरी ही रीत फार साधी वाटते, कारण दुसऱ्या कोणाच्या मयताला आपणही पोटभर खाऊन आलेलो असतो. तेव्हा आंकिलीचे सगळे एका बाजूला बसले आणि बेरोयचे दुसऱ्या बाजूला, आणि मधे हंडा. मी वाढत होते. मी लग्न होऊन बेरोयला गेले असले तरी मी मानिंद्रीची लेक, मला त्यातलं काही चालत नव्हतं. माझी पोरं तोवोची, त्यांना चालत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी खाल्लं. धाकट्याच्या हनुवटीवरून रस्सा गळत होता आणि मी तो पुसून बोट माझ्याच कापडाला पुसलं.

वोला समोर बापाच्या मांडीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. तिची नजर हंड्यावरून पोरांच्या हातांवर, हातांवरून तोंडांवर, आणि परत हंड्यावर जात होती. मी दोनदा डाव तिच्या दिशेनं नेला आणि दोनदा मागे घेतला. सगळे बघत होते. आणि सोलोनं ते होऊ दिलं नसतं. सोयऱ्याचं कुंपण पाडताना ज्याला रीत आठवली नाही, तो या रितीला मात्र हटून बसणारा होता.

मग तो उठला. वोलाचं बोट धरून मधली जागा ओलांडून मामंजींसमोर आला आणि उकिडवा बसला.

"काका, ही पोर घ्या."

मामंजी चघळत होते. त्यांना दात फार नव्हते, वेळ लागायचा. "कशाला?"

"तुमच्या घराण्यात घ्या. सिझाची म्हणा, दाजींची म्हणा. तुमची."

"आणि तुझी?"

"माझी नाही."

तोवोनं हातातलं मांस खाली ठेवलं. "तेवढ्यासाठी आलाय का इथं? हिला उवा खायला घाल म्हणावं, त्या भरपूर आहेत त्याच्याकडे."

सोलोनं मान वर केली नाही. मी म्हणाले, "मामंजी." डाव तसाच माझ्या हातात होता.

"दुसऱ्याची पोर घराण्यात घ्यायची तर बैल कापावा लागतो," मामंजी म्हणाले. "माझ्याकडे बैल होते तेव्हा यायचं होतंस."

वोलानं सोलोचं बोट सोडलं होतं. मामंजींच्या वाडग्यात एक तुकडा उरला होता, ती त्याच्याकडे बघत होती. मामंजींनीही वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्या पोरांकडे. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बैल नाही, बकरी नाही, पाणी शिंपडायचं तर पाणीही नाही. तोंड आहे, तोंडानं सांगतो. वाडवडील ऐकत असतील तर त्यांनी यावर भागवावं. ही तोवोची लेक. हिची जागा आमच्या थडग्यात. आंकिलीच्या थडग्याशी हिचा संबंध नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही." मग त्यांनी सोलोकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "कळतंय ना तुला काय देतोयस?"

"कळतंय."

"उद्या मागायला येशील तर मिळणार नाही. आणि हिनं तुला बा म्हणायचं नाही. माझ्या घरातल्या पोरांचा तू मामा आहेस."

सोलोनं वोलाला स्वतःकडे वळवलं. तिच्या खांद्यांवर हात ठेवले. त्याचे हात मुळ्या खणून खणून फाटले होते. तो म्हणाला, "आजपासून मी मामा. काय म्हणायचं मला?"

ती त्याच्या खांद्यावरून हंड्याकडे बघत होती. "मामा म्हटलं की मिळेल?"

"मिळेल."

"मामा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातांतून निघून माझ्या पोरांच्या ओळीत येऊन बसली. मी तिला वाढलं.